स्वयंभू थेंब

ढग कशाचा होतो असें एखाद्या शहाण्या माणसास विचारलें, तर तो वाफेचा होतो असें उत्तर मिळतें. आणि वाफेचा ढग कां होतो असें पुढें विचारलें, तर ती निवते म्हणून, असें दुसरें उत्तर मिळतें. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. शाळेच्या पुस्तकांतून तीं पिढ्यान्‌पिढ्या छापलीं जात आहेत, परीक्षेंत त्यांना पुरे गुण मिळतात, आणि ते मिळूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. तक्रार एवढीच कीं, या दोन उत्तरांच्या मधोमध एक प्रश्न बसलेला आहे व त्याला ओलांडून सगळे पुढें निघून जातात. हवेंत मावेल तेवढी वाफ भरली, हवा आणखी निवाली, आतां वाफेला पाणी होण्यावांचून गत्यंतर नाहीं, असें आपण म्हणतों. पण पाणी व्हावयाचें म्हणजे प्रथम एक थेंब व्हावयास पाहिजे. तो पहिला थेंब, आणि त्याही आधींचा त्याचा अगदीं चिमुकला अंश, कोठून येतो?

पदार्थविज्ञान शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. दरसाल उष्णतेच्या प्रकरणाशीं आलों, म्हणजे ‘दंवबिंदूपाशीं बाष्पाचें पाणी होतें’ हें वाक्य आम्ही फळ्यावर लिहितों, आणि त्याच्यासमोर टेबलावर एक बाटली ठेवितों. बाटली जाड काचेची. तळाशीं दोन बोटें पाणी. आणि तोंडाशीं घट्ट बसविलेला पोकळ रबरी गोळा. गोळा दाबून धरावयाचा, क्षणभर थांबावयाचें आणि मग एकदम सोडावयाचा. आंतील हवा फुगते, फुगतांना निवते, आणि बाटलींत पुसट धुकें उभें राहतें. मग तोंड उघडून विझत्या आगकाडीचा धूर आंत जाऊं द्यावयाचा व तोच खेळ पुन्हां करावयाचा. आतां धुकें दुधासारखें दाट पडतें आणि मागच्या बाकांवरूनही दिसतें. येथवर मुलें करमणूक म्हणून पाहतात. तिसऱ्या खेपेस आम्ही कपाटांतून दुसरी एक बाटली काढतों. ती आठवडाभर बंद आणि निश्चल ठेविलेली असते. पाणी तेवढेंच, गोळा तसाच, दाबणारा हातही तोच. पण ही बाटली स्वच्छ राहते. वाफ आंत आहे, थंडी आली आहे, पुस्तकाची प्रत्येक अट पुरी झाली आहे, आणि धुकें मात्र नाहीं. फळ्यावरच्या वाक्याकडे मुलें तेव्हां प्रथम संशयानें पाहूं लागतात.

हा प्रयोग आमच्या डोक्यांतून निघालेला नव्हे. कूलिए नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें १८७५ सालीं तो केला, आणि कापसांतून गाळून घेतलेल्या हवेंत धुकें पडत नाहीं असें दाखविलें. पांच वर्षांनीं स्कॉटलंडांतील जॉन एटकेन याच निष्कर्षास स्वतंत्रपणें येऊन पोहोंचले. एटकेन यांची प्रकृति अधू होती. नोकरीधंद्याच्या मागें न लागतां ते घरींच उपकरणें घडवीत बसत. त्यांनीं एका मोठ्या काचपात्रांत नेहमींची हवा घेतली, दुसऱ्यांत गाळलेली, आणि दोहोंत वाफ सोडली. पहिल्यांत ढग दाटला. दुसऱ्यांत वाफ आली कीं नाहीं हेंही डोळ्यांस कळेना. हवेंतील अदृश्य धूळ हेंच ढगाचें बीज होय, असें त्यांनीं सांगितलें, आणि धूळ नसती तर काय झालें असतें याचेंही एक चित्र रंगविलें. धुकें नसतें, ढग नसता, बहुधा पाऊसही नसता. अधिक झालेली वाफ जी वस्तु सांपडेल तिच्यावर जाऊन बसली असती. भिंती, झाडें, अंगावरचे कपडे पाझरूं लागले असते. असल्या जगांत छत्रीचा उपयोग काय? ती आंतूनही तितकीच भिजणार!

तीन-चार वर्षांमागें बाटलीचा हा प्रयोग संपल्यावर दुसऱ्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, मग बसायला काहीच मिळालं नाही, तर वाफ कितीही वाढली तरी तिचं पाणी होणारच नाही का?” वर्गांत हंशा पिकला. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. धुळीची गोष्ट ऐकून समाधान पावणारे पुष्कळ. धूळ नसेल तर काय, हें विचारणारा क्वचित्. आणि खरें पाहतां सगळी गंमत येथूनच सुरू होते.

या प्रश्नाच्या मुळाशीं थेंबाचा बाक आहे. सपाट पाण्याच्या पृष्ठभागावर जो रेणु असतो त्यास चोहोंबाजूंनीं व खालून पुष्कळ शेजारी धरून असतात. पृष्ठभाग बाकदार झाला कीं बाजूचे शेजारी उतारावरून खालीं सरकल्यासारखे होतात. धरणारे हात कमी पडतात. आणि रेणु निसटून पुन्हां वाफेंत जाणें सोपें होतें. थेंब जितका लहान तितका बाक अधिक, आणि तितकी गळती अधिक. विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, यांनीं हें १८७१ सालीं गणितानें मांडलें. आपल्या नेहमींच्या तपमानास एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या त्रिज्येचा थेंब टिकावयास संपृक्त हवेपेक्षां हजारांत एक भाग वाफ अधिक असली तरी भागतें. त्रिज्या त्याच्या शंभरावा भाग असेल तर शेंकडा ११ भाग अधिक लागते. आणि ती एकच नॅनोमीटर असेल, म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, तर वाफ जवळजवळ तिप्पट असावी लागते. त्याहून कमी असली कीं असला थेंब जन्मतांच विरून जातो.

आतां अडचण पाहा. शुद्ध हवेंत वाफ १०० च्या जागीं १०१ झाली आहे. एवढ्या वाफेवर जो थेंब तग धरील त्यांत हिशेबानें सुमारें १६ कोटी रेणू असावयास पाहिजेत. एवढे रेणू कोणी न बोलावितां एका क्षणीं एका ठिकाणीं येणार कसे? एक एक करून यावेत म्हटलें तर १० रेणूंचा गोळा टिकत नाहीं, १०० चा टिकत नाहीं, लाखाचाही टिकत नाहीं. मोठें झाल्यावांचून जगतां येत नाहीं, आणि लहान असल्यावांचून मोठें होतां येत नाहीं. पोहतां येईतों पाण्यांत उतरूं नको असें सांगणारा वडील मनुष्य पुष्कळांच्या घरीं असतो. निसर्गानें थेंबाला तोच नियम घालून दिला आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातींत नवख्या उमेदवाराकडे पांच वर्षांचा अनुभव मागतात, तोही प्रकार असाच; पण तो विषय वेगळा.

धूळ करते काय, तर ही अडचण फुकटांत सोडविते. एखादा कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असला तरी पुरे. रेणू त्याच्या पाठीवर पसरतात, आणि पहिल्या थराबरोबरच त्यांना मोठ्या थेंबाचा सौम्य बाक लाभतो. कोट्यवधि रेणूंचें बाळपण त्यांना भोगावेंच लागत नाहीं. अशा कणानें स्वतः कांहींच केलेलें नसतें. तो तेथें असतो, एवढेंच.

पण धूळ नसेल तर? या प्रश्नाचें उत्तर प्रयोगानें देणारा गृहस्थही स्कॉटलंडांतलाच निघाला. १८९४ च्या सप्टेंबरांत चार्ल्स टॉमसन रीज विल्सन हा पंचवीस वर्षांचा तरुण बेन नेव्हिस या पर्वताच्या माथ्यावरील वेधशाळेंत कांहीं आठवडे बदली निरीक्षक म्हणून राहिला होता. ब्रिटनमधील हें सर्वांत उंच शिखर. उंची सुमारें १३४५ मीटर. सूर्य पाठीशीं असतां डोंगराची आणि माणसाची सांवली खालच्या ढगावर पडे व तिच्याभोंवतीं रंगांचीं वलयें उमटत. तीं पाहून त्याला वाटलें कीं, हें आपण प्रयोगशाळेंत करून पाहावें. पुढील वर्षीं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत तो स्वतः काच फुंकून पात्रें बनवूं लागला. कूलिए व एटकेन यांची युक्ति त्याला ठाऊक होती. त्यानें तिच्यांत एवढेंच केलें कीं, धूळ पुरती काढून टाकल्यावरही हात आंखडता घेतला नाहीं. पुनःपुन्हां हवा फुगवून, पडलेल्या प्रत्येक थेंबाबरोबर एक एक कण तळाशीं नेऊन त्यानें हवा निर्मळ केली. आणि मग ती अधिक, आणखी अधिक वेगानें फुगवीत नेली.

हवेचें आकारमान सव्वापट होईतों कांहींच घडलें नाहीं. सव्वापटीच्या किंचित् पुढें, वाफ संपृक्ततेच्या सुमारें चौपट झाली असतां, थोडेसे विरळ थेंब पावसासारखे खालीं येतांना दिसले. कितीही वेळां प्रयोग करा, ते थोडेच येत व येतच राहत. १८९६ सालीं, नुकत्याच सांपडलेल्या क्ष-किरणांचा झोत त्यानें पात्रांतून सोडला, तेव्हां त्यांची संख्या एकदम वाढली. हे थेंब विद्युद्भारित रेणूंवर, म्हणजे आयनांवर, बसत होते. धूळ गेली तरी विजेचा एवढासा स्पर्श मागें उरला होता. यांतूनच पुढें १९११ सालीं विल्सन यांनीं अणूंतून सुटलेल्या एकेका कणाच्या वाटेचें छायाचित्र घेतलें. १९२७ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना कॉम्प्टन यांच्यासमवेत मिळालें तें या मेघपात्राबद्दल. ही कथा सर्वांस ठाऊक आहे व ती सांगावयास आम्हांस येथें सवड नाहीं. आमचें लक्ष त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या, कमी गाजलेल्या आंकड्याकडे आहे. आकारमान १.३८ पट झालें, वाफ संपृक्ततेच्या सुमारें आठपट झाली, आणि विरळ पाऊस संपून पात्रभर दाट ढग एका क्षणांत उठला. फुगवण त्याहून थोडी वाढवितांच त्या ढगांत सुंदर रंग दिसूं लागले, इतके त्याचे थेंब बारीक आणि असंख्य होते. एवढ्या थेंबांना पुरतील इतके आयन त्या पात्रांत नव्हते, धूळ तर नव्हतीच. वाफेचे रेणू आपल्या आपण एकत्र आले होते. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे: पाणी होतें, पण त्यासाठीं वाफेला आठपट गर्दी करावी लागते.

शास्त्रीय मराठींत या क्रियेस ‘समांगी केंद्रकीभवन’ असें कांहीं तरी म्हणावयाचें. इंग्रजी नांव ‘होमोजीनियस न्यूक्लिएशन’. तेंही जिभेला सुखाचें आहे अशांतला भाग नाहीं. आम्ही खाजगींत अशा थेंबाला स्वयंभू म्हणतों. वाटेंत उगवलेल्या शिळेस लोक स्वयंभू म्हणून शेंदूर लावतात, तिला घडविणारा हात दिसत नाहीं म्हणून. या थेंबाला खरोखरच तसा हात नाहीं.

पण हात नाहीं म्हणजे कांहींच कारण नाहीं असें मात्र नव्हे. कारण आहे, आणि तें यदृच्छा हें आहे. वाफेचे रेणू सर्वकाळ एकमेकांवर आदळत असतात. जत्रेच्या गर्दींत जशीं चार माणसें क्षणभर कोंडाळें करून उभीं राहतात व पांगतात, तसे दोन, चार, दहा रेणू चिकटतात व सुटतात. मोठें कोंडाळें दुर्मिळ, त्याहून मोठें फारच दुर्मिळ. वाफ चौपट असतां नेहमींच्या तपमानास सुमारें ६० रेणूंचा गोळा ही एक खिंड आहे. घांट चढणारा गडी खिंडीच्या अलीकडे थकला तर मागें घसरतो. एक पाऊल पलीकडे पडलें कीं उतार त्याला आपोआप नेतो. ६० च्या आंतील गोळा बहुधा मोडतो, ६० च्या पुढचा बहुधा वाढतो. खिंडीपर्यंतची चढण चढण्यास बळ कोणी देत नाहीं. लक्षावधि गोळे अर्ध्यावरून परत येतात, एखादा अकस्मात् पलीकडे जातो.

या खिंडीची उंची किती हें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या गिब्झ यांनीं १८७६ ते १८७८ या काळांत दाखवून दिलें होतें. कनेक्टिकटच्या एका विद्वत्सभेच्या कार्यवृत्तांत तें छापलें गेलें आणि पुष्कळ दिवस थोड्यांनींच वाचलें. ती खिंड दर क्षणास किती गोळे ओलांडतात याचें गणित १९२६ सालीं जर्मनींत फोल्मर व वेबर यांनीं आरंभिलें, पुढच्या वर्षीं फार्कश यानें तें पुढें नेलें, आणि १९३५ सालीं बेकर व ड्यॉरिंग यांनीं त्यास आज शिकविलें जातें तें रूप दिलें. त्या गणिताचा निकाल आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों तेव्हां मुलांची चुळबूळ थांबते, म्हणून तो येथेंही देतों. पाणी गोठण्याच्या तपमानाची निर्मळ हवा घ्या, एक घनसेंटिमीटर, म्हणजे खेळांतल्या फाशाहून थोडी कमी. तींत वाफ तिप्पट असेल तर एक स्वयंभू थेंब जन्मावयास जो काळ लागेल तो विश्वाच्या आजवरच्या वयाहूनही अधिक आहे. वाफ चौपट करा. थेंब कांहीं मिनिटांत येतो. पांचपट करा, दर सेकंदास लाखोंनीं येतात. तीन आणि पांच यांच्यामध्यें ‘कधींच नाहीं’ आणि ‘आतांच’ हीं दोन्ही मावतात. निसर्गांतील बहुतेक गोष्टी दुप्पट कारणानें दुप्पट, चौपट कारणानें चौपट अशा चालतात, अशी आपली समजूत असते. येथें ती समजूत अगदीं उपयोगाची नाहीं. तीनपटीवर उभा राहून वाट पाहणाऱ्या माणसास पांचपटीचें चित्र कोणत्याही अनुमानानें दिसणार नाहीं.

हें गणित निर्दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. ४० किंवा ६० रेणूंच्या गोळ्याला तें तळ्याच्या पाण्याचा पृष्ठताण लावतें, आणि ज्याचे जवळजवळ सगळेच रेणू पृष्ठभागावर आहेत त्याला आंत आणि बाहेर असा भेद करतें. पाण्याच्या बाबतींत हें बरेंचसें निभावून जातें. आर्गॉनसारख्या साध्या वायूच्या बाबतींत गणित आणि प्रयोग यांत कित्येक शून्यांची तफावत पडते. ज्या वायूचे अणू एकेकटे, गोल आणि निरुपद्रवी, तेथें गणित फसावें आणि आडमुठ्या पाण्यापाशीं तें साधावें, हें आम्हांस नेहमींच थोडें लबाडीचें वाटत आलें आहे.

असे थेंब केवळ प्रयोगशाळेंतच होतात काय? तर नाहीं, ते रोज आणि अमाप होतात, पण आकाशांत नव्हे, कारखान्यांत. कोराडी, चंद्रपूर येथल्यासारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाच्या आंचेवर तयार झालेली वाफ टर्बाइनमधून जातांना शेवटल्या टप्प्यांत इतक्या झपाट्यानें फुगते, कीं संपृक्ततेची रेषा ओलांडली तरी तिला पाणी होण्यास फुरसत मिळत नाहीं. वाफ अत्यंत शुद्ध केलेल्या पाण्याची. बसावयास कण जवळजवळ नाहींत. ती तशीच कोरडी पुढें धांवते आणि मग एकाएकीं धुकें होते. ज्या रेषेवर हें घडतें तिला इंजिनियर मंडळी विल्सन यांचेंच नांव देतात. ते सूक्ष्म थेंब स्थिर पात्यांवर जमून त्यांचा ओघळ होतो. ओघळाचे फुटून मोठे थेंब उडतात आणि फिरत्या पात्यांच्या कडा गोळ्या लागल्यासारख्या कुरतडतात. आमचा एक जुना विद्यार्थी अशा एका केंद्रांत कामास आहे. त्यानें एकदां असल्या निकामी पात्याचा तुकडा आम्हांस आणून दिला. वर्गांत तो हातोहात फिरवितों. पोलादावर हा खरखरीतपणा पाण्यानें आणला, असें सांगितल्यावर मुलें त्यावरून बोट फिरवून पाहतात.

आकाशांत मात्र वाफेपासून स्वयंभू थेंब होत नाहीं. खऱ्या ढगांत वाफ १०१ भागांच्या पुढें सहसा जात नाहीं. आठपट तर दूरच, दीडपटीचीही वेळ येत नाहीं. त्याच्या पुष्कळ आधीं एखादा कण पुढें येऊन बसावयास जागा देतो. जूनमध्यें सह्याद्रीच्या अंगावर चढणारा ढग अरबी समुद्राच्या मिठावर, गंधकाच्या क्षारांवर, जाळलेल्या पाल्याच्या धुरावर, मातीच्या भुकटीवर उभा असतो. मिठाचा कण तर दुहेरी उपकार करतो. जागाही देतो आणि पाण्यांत विरघळून रेणूंना निसटण्यापासूनही अडवितो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें महाबळेश्वरास ढगांच्या अभ्यासासाठीं प्रयोगशाळा उघडली आहे ती याचसाठीं, कीं तेथें ढग खिडकींतून आंत येतो आणि त्याच्या पोटांतले कण मोजतां येतात. याच संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं सोलापूरच्या आसमंतांत विमानांतून क्षारांचे कण ढगांत सोडून पाहिले. तेव्हां गांवोगांव ‘आतां विमान पाऊस पाडणार’ अशी बोली झाली होती. विमान पाऊस आणीत नाहीं. ढग आहे, वाफ आहे, आणि बसावयास जागा अपुरी किंवा अयोग्य आहे, अशा ठिकाणीं तें थोडी जागा देऊं शकतें. ज्या आकाशांत वाफच नाहीं तेथें मीठ उधळलें तर मीठच खालीं येईल. दुष्काळांतल्या शेतकऱ्यास ही गोष्ट कोणी तरी आधीं नीट सांगावयास पाहिजे होती. विमान पाहून आशा लावून बसणें आणि मग निराश होणें, हें त्याच्या वांट्यास उगाच आलें.

मग हे कण तरी कोठून आले, असा प्रश्न चिकित्सक वाचक करील. कांहीं समुद्रानें उडविले, कांहीं वाऱ्यानें, कांहीं आपल्या चुलींनीं आणि मोटारींनीं. पण पुष्कळसे कण हवेंतच, दुसऱ्या वाफांपासून जन्म घेतात. गंधकाम्लाच्या, अमोनियाच्या, झाडांनीं सोडलेल्या सुगंधी द्रव्यांच्या. जिनिव्हाजवळ सर्न येथें २६ घनमीटरच्या एका पोलादी पात्रांत २००९ पासून याचाच शोध चालू आहे. विल्सन यांच्या काचपात्राचा हा थोरला वंशज म्हणावयास हरकत नाहीं. २०१६ सालीं तेथें असें दिसून आलें कीं, पाइनच्या झाडांच्या वासांतील द्रव्यें गंधकाम्लाच्या मदतीवांचूनही असे कण जन्मास घालूं शकतात. म्हणजे पाण्याच्या थेंबाला स्वयंभू व्हावें लागत नाहीं, कारण त्याच्या आधीं दुसऱ्या कोणी तरी ती खिंड चढून ठेविलेली असते.

स्वयंभू या शब्दावरून आठवलें. गेल्या वर्षीं एका संस्थेनें आमचा सत्कार केला. वक्ते भले गृहस्थ होते. खेड्यांतला, शेतमजुराचा मुलगा स्वतःच्या बळावर प्राध्यापक झाला, असें सांगून त्यांनीं ‘हें स्वयंभू व्यक्तिमत्त्व’ असा आमचा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या. आम्ही सातवींत असतां शिष्यवृत्तीचा अर्ज तालुक्याहून आणावयास आमचे गुरुजी अकरा मैल पायीं गेले होते, व सही राहिली म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेले होते. त्यांनीं आम्हांस विशेष कांहीं शिकविलें असें नाहीं. गणितांत ते कच्चेच होते. उत्तराच्या भाषणांत आम्हीं तेवढा अर्ज सांगितला आणि बसलों. सभेस तो फार लहान वाटला असावा, कारण अध्यक्षांनीं समारोपांत तो शब्द पुन्हां वापरला. वाफेच्या गणितांत आम्हांस एक गोष्ट बरी वाटते: धुळीवर बसून झालेला थेंब आणि आठपट गर्दींतून आपोआप झालेला थेंब, दोन्ही वाढल्यावर त्यांतील पाण्यांत फरक उरत नाहीं, आणि निसर्ग दुसऱ्याला पहिल्याहून अधिक मान देत नाहीं.

आमचे संस्कृतचे सहकारी या विषयावर आमच्याशीं नेहमीं वाद घालतात. त्यांचें म्हणणें असें कीं, यांत नवें काय आहे? मेघदूतांत कालिदासानें ढगाचे घटक सांगतांना धूर, तेज, पाणी आणि वारा असे चार सांगितले आहेत, आणि त्यांत धूर पहिला आहे. एटकेनसाहेबांना जें १८८० सालीं कळलें तें आमच्या कवीला पंधराशें वर्षांमागें ठाऊक होतें! असला अभिमान आज बराच स्वस्त झाला आहे, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीं ऐकला म्हणजे आम्हांस वाईट वाटतें. कालिदासाला तेथें ढगाची घडण सांगावयाचीच नाहीं. धूर-पाण्याचा हा जड गोळा कोठें आणि सजीवानें न्यावयाचा निरोप कोठें, असा विरोध त्याला दाखवावयाचा आहे. विरहानें व्याकुळ झालेल्या यक्षाला तेवढाही विवेक राहिला नाहीं, हें तेथलें काव्य आहे. त्याच्या काळीं धुरापासून मेघ होतो अशी सार्वत्रिक समजूत होती व ती त्यानें घेतली. बरोबर निघालेली समजूत आणि सिद्ध केलेलें सत्य यांमध्यें एक बंद बाटली आणि एक आठवडा उभा असतो.

हें सर्व आम्हीं शिक्षकांच्या खोलींत चहा घेतां घेतां त्यांस सांगितलें. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, “बरं, ते राहू द्या. पण चार घटकांत धूर पहिला घातला, एवढं तरी मान्य कराल की नाही?”

आम्हीं तें मान्य केलें, आणि त्यांनाच विचारलें कीं पाणी पहिलें कां घातलें नसेल. त्यांनीं कप बशींत ठेवला, टेबलावर बोटांनीं मात्रा मोजल्या, आणि हंसूं लागले. मंदाक्रान्तेच्या चरणाचीं पहिलीं चार अक्षरें गुरु लागतात. आणि पाण्यासाठीं कवीनें तेथें जो शब्द योजिला आहे, त्याचीं तिन्ही अक्षरें लघु आहेत.